कॉन्झर्व्हेशनवाले सर

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी मला एकदा स्कूटरवरून नेऊन म्हशीला टेकवलं होतं. धडकवलं असं मी म्हणणार होते, पण ते खोटं होईल. अमरावतीत शाळेतून घरी येताना एक उड्डाणपूल लागायचा. चढावर सर स्कूटर नीट चालवायचे आणि उतार लागला की इंजिन बंद करून टाकायचे. मग आम्ही दोघं आवाज न करता, वाऱ्यावर सोडलेल्या पिसासारखे खाली यायचो. हॉर्नसुद्धा नाही. सर तोंडानंच "सरका हो, सरका" म्हणायचे. त्या दिवशी उताराच्या शेवटी म्हैस उभी होती आणि तिला मराठी येत नसावं. स्कूटर हळूहळू जाऊन तिच्या पोटाला अलगद टेकली. म्हैस हलली नाही. तिनं मान वळवून सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "एक्स्क्यूज मी, मॅडम."

मी मागून म्हटलं, "काय?"

"तुमाले नाई."

खाली उतरून मी पदर झटकला आणि वैतागून विचारलं, "सर, चार थेंब पेट्रोल वाचवायला एवढा जीव धोक्यात?"

"वाचवत नाई मॅडम. कॉन्झर्व्ह करून राह्यलो."

"फरक काय त्यात?"

हा प्रश्न सरांना विचारायचा नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. स्कूटर म्हशीला टेकवलेलीच ठेवून त्यांनी भर रस्त्यात शिकवायला घेतलं. "चढावर मी इंजिन बंद केलं का? नाई केलं. जिथं लागते तिथं वापरलं, जिथं लागत नाई तिथं हात आवरला. हे झालं कॉन्झर्व्ह. कंजूष मानूस चढावरही ढकलत नेते. अन् प्रिझर्व्ह म्हनजे स्कूटर ओसरीत ठेवून तिले रोज हार घालनं. समजलं का?" मागं दोन ऑटो आणि एक शाळेची बस थांबली होती. शेवटी म्हशीलाच कंटाळा आला आणि ती निघून गेली, तेव्हा तास सुटला.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. मूळची अकोल्याची, नोकरीसाठी अमरावतीला आले आणि सरांच्या गल्लीतच खोली मिळाली, म्हणून ही स्कूटरची संगत. माणूस उंच, काटकुळा, शर्टाच्या खिशात तीन पेन आणि चिटोऱ्यांचा गठ्ठा. वर्गात कधी ओरडायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "राग कॉन्झर्व्ह करून ठेवला हाय. मार्चात लागते."

हा एकच शब्द त्यांना इतका का चिकटला? उत्तरपत्रिकांमुळं. दर वर्षी वन्यप्राण्यांवर एखादा प्रश्न यायचा आणि दर वर्षी अर्धा वर्ग कॉन्झर्व्हेशनच्या जागी कॉन्व्हर्सेशन लिहून मोकळा व्हायचा. म्हणजे वाघांना राखलं पाहिजे असं लिहायच्या ऐवजी, वाघांशी गप्पा मारल्या पाहिजेत. सर ते वाक्य मोठ्यानं वाचायचे. "कोन हाय हा? उभा राह्य. वाघाशी काय बोलसीन बे? जेवले का म्हनून इचारसीन?" पोरं हसून बाकाखाली जायची. एका वर्षी अचलपूरच्याही पुढून, डोंगराच्या कुशीतून आलेली एक मुलगी उभी राहिली. ती हसत नव्हती. म्हणाली, "सर, आमच्या इकडे बोलतेत. माही आजी वाघ दिसला का म्हनते, जाय बाबा तुह्या वाटेनं, आमी आमच्या वाटेनं जातो."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "हिचं बरोबर हाय. बाकीचे चूक." आणि त्या मुलीला पूर्ण गुण देऊन आले. इंग्रजीच्या दुसऱ्या बाईंनी त्याबद्दल तक्रार केली, ती वेगळी गोष्ट.

माझ्याकडून त्यांना या शब्दासाठी मराठी शब्द हवा होता. मी म्हटलं, "संवर्धन." म्हणाले, "ते तर वाढवनं झालं. मले वाढवाचं नाई, टिकवाचं हाय." मी म्हटलं, "संरक्षण." "ते पोलीस करते." "जतन?" "ते कपाटात होते." दोन महिने मधल्या सुट्टीत हेच. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी खात खात ते माझ्या भाषेचे एकेक शब्द नापास करायचे. एकदा मीच चिडून म्हटलं, "तुमच्या शब्दालाच कुठं बसायचं नाहीये, त्याला आम्ही काय करणार?" त्यावर ते इतके खूश झाले की उरलेली भाजी मला परत दिली.

शब्द मात्र शाळेभर पसरला. शिपाई दादाराव एप्रिलच्या उन्हात स्टाफरूमच्या बाकावर आडवा झालेला, मुख्याध्यापिकाबाई समोर उभ्या, आणि दादाराव न उठताच सांगतोय, "मॅडम, ताकद कॉन्झर्व्ह करून राह्यलो. घंटा वाजवाची हाय." गृहपाठ न केलेली मुलं म्हणायची, "सर, वही कॉन्झर्व्ह केली." गल्लीतली भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या हातावर ठेवून म्हणायची, "आज जरा कॉन्झर्व्ह हाय, बाई." सर आधी चिडत. मग खिशातून चिटोरी काढून लिहून घेत, कोण म्हणालं, कुठं म्हणालं. "चुकीचं वापरून राह्यले मॅडम, पन वापरून तर राह्यले!" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर नुकतंच नातवंड झाल्यासारखा आनंद असायचा.

नातवंडाची गोष्ट दूरच होती, आधी मुलीचं लग्न व्हायचं होतं. आणि त्या लग्नात या शब्दानं आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लावला.

मुक्ता त्यांची एकुलती एक. शांत, हसरी, बापाच्या अगदी उलट, मोजकं बोलणारी. तिच्यासाठी स्थळ मीच सुचवलं होतं. अकोल्याला आमच्या घराशेजारी एक वकीलसाहेब राहायचे, त्यांचा मुलगा. मुलामुलीनं एकमेकांना पसंत केलं, साक्षगंध झालं, अंगठ्या घातल्या, फेब्रुवारीतली तारीख धरली. सरांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची एकच हौस होती. लग्न हॉलमध्ये नको, लॉनवर नको, मांडव दारात पडला पाहिजे. घरासमोर त्यांचा मोठा मोकळा प्लॉट होता, तो त्यांनी याच दिवसासाठी राखून ठेवला होता असं त्या म्हणायच्या.

लग्नाला तीन आठवडे असताना एका दुपारी आभाळातून घोंघावत एक काळा ढग आला आणि सरांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन चिकटला. आग्या मोहोळ. पहिल्या दिवशी टोपलीएवढं दिसत होतं, आठवड्यात सुपाएवढं झालं. आग्या माशा म्हणजे साध्या नव्हेत. एक उठली की सगळ्या उठतात आणि माणसाला पळता भुई थोडी होते.

वहिनींनी त्याच दिवशी मोहोळ काढणाऱ्याला निरोप धाडला. परतवाड्याकडचा म्हातारा, लांब काठी, काठीला चिंध्या, धूर करायची तयारी. सर शाळेतून आले आणि त्याच्या समोर उभे राहिले.

"भाऊ, धूर केल्यावर माशा जगते का?"

"काही जगते, काही मरते."

"मग चहा पी, अन् जाय."

म्हातारा चहा पिऊन गेला. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी सरांशी बोलणं बंद केलं. सर मला म्हणाले, "आता बोलनंही कॉन्झर्व्ह करून राह्यली."

त्यांचा बेत साधा होता. मोहोळ राहू द्यायचं, लग्नात डीजे नको, फटाके नकोत, धूर नको. वरपक्षाला आधी कळवावं म्हणून त्यांनी अकोल्याला फोन लावला. त्या फोनला मी साक्षी आहे, माझ्यासमोरच लावला. सर म्हणाले, "नमस्कार वकीलसाहेब. एक सांगाचं होतं. आमच्या घरी सध्या कॉन्झर्व्हेशन चालू हाय. म्हनून लग्न जरा चूपचाप करू. गाजावाजा नको. कोनाले पत्ता लागला नाई पाह्यजे असं." शेवटच्या वाक्यात 'कोनाले' म्हणजे माशांना, हे मला माहीत होतं. वकीलसाहेबांना कसं माहीत असणार? पलीकडून फोन बंद झाला.

पाच मिनिटांत माझा फोन वाजला. वकीलसाहेब. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"मॅडम, हे स्थळ तुमी आनलं होतं ना? साक्षगंध झालेल्या पोरीची दुसरीकडे बोलनी सुरू हायेत, अन् तिचा बाप मलेच फोन करून सांगते? वरून म्हनते गाजावाजा नको!"

मग लख्ख उजेड पडला. त्यांनी कॉन्व्हर्सेशन ऐकलं होतं. घरी कॉन्व्हर्सेशन चालू आहे, म्हणजे बोलणी चालू आहेत. मी समजावून सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला, आणि नंतर ना माझा उचलला, ना सरांचा, ना मुक्ताचा.

सरांना सांगितलं तर ते आधी खुर्चीत बसले आणि मग पोट धरून हसायला लागले. "तीस वर्षं पोट्ट्यायले जे शिकवलं, ते माह्याच व्याह्याले..." तेवढ्यात दारात मुक्ता दिसली. तिनं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले होते. सरांचं हसू तिथंच मिटलं. "मॅडम," ते म्हणाले, "पायात चपला घाला. अकोल्याले जाऊ."

एसटीनं मूर्तिजापूर ओलांडल्यावर सरांनी चिटोऱ्यावर मोठ्या अक्षरात दोन्ही शब्द लिहिले आणि अकोला येईपर्यंत तो कागद दोन्ही हातांनी धरून बसले.

वकीलसाहेबांनी दार उघडलं, पण बसा म्हणाले नाहीत. सरांनी सुरुवात केली, "साहेब, उच्चाराची गफलत झाली." वकीलसाहेब म्हणाले, "मले शब्दाचे खेळ नका दाखवू. मी वकील हाय. माह्या पोराचा अपमान झाला." सरांनी मग काही न बोलता कागद पुढं केला. वकीलसाहेबांनी चष्मा शोधला, लावला, वरचा शब्द वाचला, खालचा वाचला, परत वरचा वाचला. सरांनी हळूच सांगितलं, "टाकीखाली आग्या मोहोळ बसलं हाय. त्याचं म्हनत होतो. पोरीचं नाई."

आधी हसल्या वकीलसाहेबांच्या बायको, पडद्याआडून. मग मुलगा. वकीलसाहेब मात्र हसले नाहीत. सरांना पाणी दिलं, बसवलं आणि समोर खुर्ची ओढून घेतली.

"सर, मले फक्त एक सांगा. लग्नाले तीनशे मानूस येईन. लहान लेकरं, म्हातारे. माशा उठल्या, एखाद्या लेकराले काही झालं, तर जबाबदार कोन?"

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

"उत्तर नाई ना?" वकीलसाहेब म्हणाले. "मग ते मोहोळ काढा, नाई तर लग्न इकडे अकोल्याले हॉलमध्ये करू. आठ दिवसांत सांगा."

परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि मौन सोडलं. "माह्या पोरीचा मांडव माह्या दारात पडाचा नाई, तुमच्या माशायसाठी? बरं." एवढंच. मुक्ता पाण्याचे पेले गोळा करत होती. तिनं ते खाली ठेवले.

"बाबा, एक इचारू? तुमच्या त्या शब्दात फक्त जनावरंच येतेत, का मीबी येते?"

सर उठून गच्चीवर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत शिकवलंच नाही. मुलांना म्हणाले, मनात वाचा. मधल्या सुट्टीत डबाही उघडला नाही. "मॅडम," ते म्हणाले, "मी आतापावेतो शब्द सांभाळत होतो. हा शब्द खरा कराचा असन तर माशायले जागा पाह्यजे अन् मानसायलेही पाह्यजे. अन् ते कसं कराचं, हे मले येत नाई. मी इंग्रजीचा मास्तर."

आणि शाळा सुटल्यावर इंग्रजीचा मास्तर एसटीनं परतवाड्याला गेला, चहा पाजून परत पाठवलेल्या त्या म्हाताऱ्याचं घर शोधत. काय बोलणं झालं ते मला नंतर सरांनीच सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ते समोरच्याला काही न शिकवता तासभर बसले होते. म्हाताऱ्यानं सांगितलं की पळस फुलून गेला की माशा आपल्या आपण उठून जातात, त्यांना मारायची गरजच नसते. तोवर धूर नको, अत्तर नको, दणदण आवाज नको, पोळ्यासमोरून धावपळ नको. मांडव लांब सरकवा, मधे जाळी बांधा, लग्न सकाळी गारव्यात उरका. "अन् मी सोता येतो," म्हातारा म्हणाला. "उठल्याच तर काय कराचं ते मले ठावं हाय."

मोहोळ काढणाऱ्याला आता मोहोळ राखायला बोलावलं होतं. रविवारी वकीलसाहेब अकोल्याहून स्वतः आले. त्यांनी प्लॉटच्या पार टोकाला उभं राहून म्हाताऱ्याची उलटतपासणी घेतली. माशी किती लांब येते? पहिल्यांदा कोण उठते? लेकरांनी काय करायचं? म्हातारा एकेका प्रश्नाला सावकाश उत्तर देत होता. सर बाजूला विद्यार्थ्यासारखे हात बांधून उभे. अर्ध्या तासानं वकीलसाहेब म्हणाले, "साक्षीदार पक्का हाय. चला, मांडव इथंच." वहिनींनी दारातूनच ऐकलं आणि आत जाऊन शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. म्हाताऱ्यानं लगेच खिडकीकडं बोट दाखवलं, धूर जाईल म्हणून. ती कढई शेजारच्यांच्या चुलीवर गेली, आणि लग्नाचा सगळा स्वयंपाकही पुढं तिकडंच झाला.

मुक्ताच्या मावसबहिणींनी व्हॉट्सॲपवर सूचना पाठवली. अत्तर लावू नये. वासाचं तेल लावू नये. फटाके आणू नयेत. हळू बोलावं. कोणत्याही कारणानं धावू नये. खाली सरांनी स्वतः एक ओळ टाकली होती, की ही विनंती वर, वधू आणि माशा या तिघांच्या वतीनं आहे.

अशी वरात मी आयुष्यात पाहिली नाही. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत बँड जोरात वाजत आला. कोपऱ्यावर सर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी छत्री वर केली आणि बँड एका क्षणात चूप झाला. पण वरात थांबली नाही. बँडमास्तर म्हणाला होता, "साहेब, वाजवाचं नाई तर नाई, पन ड्रेस घालून चालतो." म्हणून लाल-सोनेरी पोशाखातले बाजेवाले गाल फुगवून, नुसती बोटं हलवत पुढं चालले. नवरदेवाचे भाऊ कानात इअरफोन घालून नाचत होते, आणि प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं. एक जण जोरजोरात उड्या मारतोय, त्याच्या शेजारचा डोळे मिटून सावकाश झुलतोय. आत्या-मावशांकडं इअरफोन नव्हते, त्या तशाच, गाण्याशिवाय नाचल्या, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगल्या त्याच नाचल्या. समोरच्या गच्चीतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढलं, तळहातावर आपटलं, परत घातलं आणि घाबरून सुनेला हाक मारली. मी तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकले होते. हसणं दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा आले. त्यांना कोणी ग्रुपमध्ये घेतलंच नव्हतं. हातात फटाक्यांची लांबलचक लड. त्यांनी ती रस्त्यात पसरली आणि काडी ओढली. गर्दीतून वकीलसाहेब, सूट घातलेले, चक्क सूर मारल्यासारखे पुढं झाले, मामांच्या हातातली काडी चिमटीत धरून विझवली आणि कुजबुजत ओरडले, "कॉन्झर्व्हेशन!"

उच्चार अगदी स्वच्छ होता. कोपऱ्यावरच्या सरांनी तो ऐकला. त्यांनी छत्री खाली केली आणि छातीवर हात ठेवला.

मंगलाष्टकं भटजींनी कुजबुजत म्हटली. तीनशे माणसं हातात अक्षता घेऊन इतकी गप्प की कुजबुजही मागच्या रांगेपर्यंत पोचत होती. तिसऱ्या कडव्याला, "शुभ मंगल सावधान" म्हणताच, जाळीपलीकडं टाकीखालच्या पोळ्यावरून वरपासून खालपर्यंत एक काळी चमकती लाट गेली. मग दुसरी. अक्षतांचे हात हवेत तसेच राहिले. त्याआधी कुठल्याही लग्नात इतकी माणसं खरोखर सावधान झालेली मी पाहिली नव्हती. म्हातारा जाळीजवळ उभा होता. त्यानं मागं न वळता तळहात खाली केला. सगळे बसले. आहेर घेतलेले, फेटे बांधलेले, सूटातले वकीलसाहेब, पोरं मांडीत घेतलेल्या बायका, सगळे जमिनीवर. उभी राहिली ती फक्त मुक्ता, नवरदेव, अंतरपाट धरणारे दोघं आणि भटजी. मी सरांकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला कळलं नाही, पण त्यांची नजर पोळ्यावर नव्हती. ती मुक्तावर होती.

लाट हळूहळू विरली. म्हाताऱ्यानं मान हलवली. भटजींनी उरलेली कडवी इतक्या घाईनं उरकली की नवरदेवाला हार घालायची वेळ कधी आली ते कळलंच नाही. टाळ्यांच्या जागी सगळ्यांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली. कुणाला एक डंख बसला नाही. जेवणाच्या पंगतीत पहिल्या पाटावर परतवाड्याचा म्हातारा होता आणि त्याला वाढायला स्वतः वहिनी.

माशा पुढं मार्च सरता सरता आपल्या आपण गेल्या. त्या दिवशी सर शाळेत उशिरा आले, एवढं आठवतं. पण सर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती लग्नाच्या दिवसाची दुपार, पाठवणीची.

सजवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं सावली पाहून गाडी नेमकी टाकीखालच्या भिंतीला लावली होती. जुनी डिझेलची गाडी. सुरू केली की काळा धूर. मुक्ता आत बसली, नवरा बसला, ड्रायव्हरनं किल्लीला हात घातला आणि म्हाताऱ्यानं धावत येऊन, म्हणजे न धावता जितकं लवकर येता येईल तितकं येऊन, खिडकीवर हात ठेवला. "इथं नाई."

"मग?" ड्रायव्हर म्हणाला.

"ढकला," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. दोन भाऊ, मामा, बँडवाल्यांतला एक जाडा बाजेवाला आणि मधोमध सर. फुलांनी मढवलेली ती गाडी गल्लीतून हळूहळू निघाली. एरवी या वेळी रडारड असते, सनई असते. इथं फक्त चाकांखाली वाळू करकरत होती. वहिनी दारात उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. मी कोट सांभाळत गाडीच्या बाजूनं चालत होते. सरांनी दोन्ही तळहात मागच्या काचेला लावले होते, आणि काचेच्या पलीकडं मुक्ता मागं वळून बसली होती. दोघांच्या मधे फक्त ती काच. सर ढकलत होते आणि तिच्याकडं पाहत होते. ज्या माणसाकडं एका शब्दावर दोन महिने भांडायचा दम होता, त्याच्याकडं त्या पन्नास पावलांत एकही शब्द नव्हता.

कोपरा आला. बाकीचे बाजूला झाले. मामांनी हात झटकले, वकीलसाहेबांनी माझ्याकडून कोट घेतला. सर तसेच वाकलेले. गाडी उभी होती, तरी ते ढकलत होते.

मुक्तानं बाजूची काच उघडून मान बाहेर काढली. तिच्या गालावर हळद आणि पाणी एक झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "सोडा आता. पुढं गाडी सोताच जाते."

सरांनी मान हलवली. पण हात काढले नाहीत. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, आणि गाडीच त्यांच्या हातांखालून पुढं निघून गेली.